वास्तूचा घास

चैत्र शुद्ध प्रतिपदा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतील आद्य मुहूर्त. वर्षप्रतिपदा, अक्षय तृतीया आणि विजयादशमी हे तीन पूर्ण व बलिप्रतिपदेचा अर्धा, अशा या मुहूर्तांवर शुभकार्यासाठी पंचांग उघडून घटिका-पळे मोजावी लागत नाहीत, अशी आपल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. म्हणूनच पै-पै साठवून घेतलेल्या घरात पहिले पाऊल टाकावयाचे ते पाडव्यालाच, असा संकल्प अनेक कुटुंबे करतात. दारावर आंब्याच्या पानांचे तोरण चढते, उंबऱ्याशी रांगोळी रेखली जाते, आणि गच्चीवर नाही तर खिडकीशी का होईना, पण वेळूची काठी उभी राहते. तिच्यावर रेशमी वस्त्र, कडुनिंबाची डहाळी, साखरेची गाठी आणि पालथा घातलेला गडू असा सारा थाट दिसू लागतो.

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी केली ती दोन्ही अनुभवांनी पोळल्यावरच. परंतु घर बांधणे किंवा विकत घेणे ही अर्धीच गोष्ट झाली. त्या घरात रुळणे ही उरलेली अर्धी, आणि तीच अधिक अवघड. नव्या घरात माणूस रुळतो तो कशाने? भिंतींना रंग लागला, दिवे चमकले, पडदे झुलू लागले, एवढ्याने घर आपले होते काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेने एका कथेत घालून ठेवले आहे. नव्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने ती कथा एकदा तरी आठवावी, असे आम्हांस वाटते.

भुकेला वास्तुपुरुष

कथा मत्स्यपुराणातील आहे. अंधकासुराशी झालेल्या घोर युद्धात भगवान शंकरांच्या भालप्रदेशावरून घामाचा एक थेंब भूमीवर पडला आणि त्यातून एक अक्राळविक्राळ पुरुष उत्पन्न झाला. जन्मतःच तो भुकेला होता. त्याची भूक काही केल्या भागेना, आणि तो त्रैलोक्यच गिळून टाकावयास निघाला. तेव्हा भयभीत झालेल्या देवांनी त्याला चहूबाजूंनी धरून भूमीवर पाडले, आणि ज्या देवाने त्याचे जे अंग दाबून धरले होते त्या अंगावर त्या देवाने वास केला. देवांनी ज्यावर वास केला तो वास्तुपुरुष. दडपल्या गेलेल्या त्या पुरुषाने देवांना विचारले, की असा निश्चल पडून मी जगावे कसे, माझा आहार कोणता? देवांनी त्याला वर दिला, की वैश्वदेवाच्या वेळी गृहस्थ जो बली काढून ठेवतो तो तुझा, आणि वास्तुशांतीच्या वेळी केलेले पूजनही तुझे.

या कथेचा आशय आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. घराच्या पायाशी जो देव निजला आहे तो मुळात भुकेला आहे. त्याला सोन्यानाण्याचा नैवेद्य सांगितलेला नाही. घरात रोज जे अन्न शिजेल त्यातला एक घास, एवढाच त्याचा वाटा. तो मिळाला की तो शांत राहतो, आणि घरात उच्चारलेल्या प्रत्येक शब्दाला ‘तथास्तु’ म्हणतो, अशी आपल्या आजीपणजींची समजूत होती. घरात अभद्र बोलू नये, भरल्या घरात ‘नाही’ म्हणू नये, अशी ताकीद मुलांना मिळे ती यामुळेच.

वास्तुशांतीनंतर वास्तुप्रतिमेचा निक्षेप घराच्या आग्नेय दिशेस करावयाचा अशी आपल्याकडे रूढी आहे, आणि आग्नेय ही अग्नीची दिशा असल्यामुळे स्वयंपाकघरही शक्यतो त्याच बाजूस असावे, असे वास्तुविद्येचे जाणकार सांगत आले आहेत. म्हणजे या पुरुषाची शेज पडली ती चुलीच्या शेजारी! हा योगायोग म्हणावा, की घराचा प्राण कोठे असतो याची पूर्वजांनी करून ठेवलेली खूण?

नव्या घरात प्रथम काय न्यावयाचे याविषयीच्या आपल्या चालीरीतीही हेच सांगतात. देव, पाण्याने भरलेला कलश, धान्य आणि मीठ या गोष्टी आधी आत जातात, आणि पेट्या, पलंग, कपाटे त्यांच्या मागून. मग शेगडी पेटते, तिच्यावर दुधाचे भांडे चढते, आणि एरवी दूध उतू गेले तर हळहळणारी गृहिणी त्या दिवशी मात्र ते मुद्दाम उतू जाऊ देते. या घरात अन्न कमी पडू नये, ते काठोकाठ भरून वर यावे, अशी ती मूक प्रार्थना असते. उरलेल्या दुधाची खीर किंवा नुसता चहा का होईना, पण तो त्या घरातला पहिला प्रसाद असतो.

चाळीतून मनोऱ्यात

ही जुनी कथा आज आठवण्यास कारण आहे. मुंबईत सध्या हजारो कुटुंबे अशा उंबरठ्यावर उभी आहेत. १९२० साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे कामगारांसाठी ज्या चाळी उभारल्या, त्या ‘बी. डी. डी. चाळी’ म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. अशा एकूण २०७ चाळी, त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. तळमजल्यावर तीन मजले, एकेका मजल्यावर २० खोल्या, म्हणजे एका चाळीत ८० बिऱ्हाडे, आणि एकेका बिऱ्हाडाच्या वाट्याला अवघी १६० चौरस फुटांची खोली. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांच्या भोंग्यामागे आलेल्या माणसांनी या खोल्यांत तीन-तीन, चार-चार पिढ्या काढल्या. या चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ नव्या घरांच्या किल्ल्या वरळीच्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट, आणि चार मजल्यांच्या जागी गगनचुंबी मनोरा!

या स्थित्यंतराने आम्हांस मनापासून आनंद वाटतो. चाळीचे गोडवे गाणारे पुष्कळ असतात, पण सामाईक शौचकूपापुढे पहाटे रांगेत उभे राहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर रोज आला, आजाऱ्याला जिन्यावरून खुर्चीत बसवून ज्यांनी खाली उतरविले, लेकीसुनांना कपडे बदलावयास आडोसा नाही म्हणून ज्यांनी घरातल्या पुरुषांना गॅलरीत पाठविले, त्यांना त्या दिवसांचे काव्य करावयास सांगणे हा अन्याय आहे. चार भिंतींच्या आत स्वतःचे न्हाणीघर, स्वतःची मोरी, मुलाला अभ्यासास एक कोपरा, एवढ्यासाठी शंभर वर्षे वाट पाहिलेल्या माणसांचा हा हक्क आहे, आणि तो उशिराने मिळाला एवढेच दुःख.

तथापि, चाळीने जागेच्या तुटवड्यातही एक गोष्ट जपली होती. तिथली दारे दिवसभर उघडी असत. एका घरात फोडणी पडली की साऱ्या गॅलरीला कळे, आणि कोणाच्या चुलीवर आज काही चढलेले नाही हेही न सांगता कळे. वाटीभर आमटी या दारातून त्या दारात जाई, आणि ती वाटी कधी रिकामी परत येत नसे. मनोऱ्यातील घराला जाड दार असते, त्याला बाहेरून न दिसणारे कुलूप असते, दारात छिद्र असते आणि त्यातून आलेल्याचा फक्त चेहरा पाहता येतो. शेजाऱ्याची चूल पेटली की नाही, हे त्या छिद्रातून दिसत नाही. नव्या घरात आपण काय मिळविले हे मोजताना काय हरवू शकते याचीही जाण ठेवावी, ती एवढ्यासाठीच.

दोन भुका

वास्तुपुरुषाच्या कथेतील भूक ही काही केवळ पुराणातली गोष्ट नव्हे. नवे घर खरोखरच भुकेले असते. कालपर्यंत एका खोलीत जे सामान मावत होते तेच तीन खोल्यांत विरळ दिसू लागते. मोकळी भिंत म्हणते मला कपाट हवे, मोकळा कोपरा म्हणतो मला सोफा हवा, स्वयंपाकघराचा ओटा म्हणतो माझ्याखाली फळ्या-कप्प्यांची आरास हवी. शेजारच्या घरात छताला नक्षी झाली की आपले छत उघडे वाटू लागते. मग वास्तुशांतीला तीनशे पाने उठवावयाची की पाचशे, एवढाच विचार शिल्लक राहतो, आणि पैसा कोठून आणावयाचा हा विचार मागे पडतो.

या भुकेचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा, केवळ सजावटीसाठी ३ लाख रुपये दरसाल १२ टक्के व्याजाने ५ वर्षांच्या मुदतीवर काढले. महिन्याचा हप्ता सुमारे ६,६७३ रुपये बसतो आणि पाच वर्षांत मूळ रकमेवर सुमारे १ लाख रुपये व्याजाचे जातात. उंच इमारतीत लिफ्ट, पाण्याचे पंप, सामाईक दिवे आणि पहारा यांचा खर्चही असतो. कोठे तो काही वर्षे राखीव निधीतून भागतो, पण केव्हा तरी तो रहिवाशांच्या दारी येतोच. ज्या घरात मिळकत पूर्वीचीच राहिली आणि घर मात्र तिप्पट झाले, त्या घराने हे दोन्ही भार एकदम उचलले तर पहिली कात्री कशाला लागते? दुधाला, फळांना, मुलांच्या खाऊला. म्हणजे वस्तूंची भूक भागविताना माणसांच्या ताटातला घास उचलला जातो. वास्तूला शांत करावयास निघालेला गृहस्थ अशा रीतीने तिच्या तोंडी स्वतःच सापडतो.

श्रीसंत गाडगेमहाराजांनी हे फार पूर्वी ओळखले होते. हातात खराटा आणि गाडगे घेऊन गावोगाव फिरणाऱ्या या महापुरुषाने नाशिक, पंढरपूर, आळंदी अशा तीर्थक्षेत्री इतरांसाठी धर्मशाळा उभारल्या, पण स्वतःसाठी घर केले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला तोही प्रवासातच. सणासाठी कर्ज काढू नका, देवाच्या नावाने उधळपट्टी करू नका, भुकेल्याला अन्न द्या आणि मुलांना शिकवा, हे ते कीर्तनांतून जीव तोडून सांगत. नव्या घराच्या वास्तुशांतीस यापेक्षा मोठा मंत्र दुसरा कोणता असणार? ज्याला शक्य आहे त्याने समारंभ जरूर करावा. परंतु ज्याला हप्ते भरावयाचे आहेत त्याने देवापुढे समई लावून, घरच्या माणसांसह चार शेजाऱ्यांना बोलावून, हाताने रांधलेला वरणभात वाढला, तरी वास्तुपुरुषाचा घास त्याला पोचतो. त्याने मागितला होता तो एवढाच.

पाडव्याचे साधे ताट

साधेपणा म्हणजे चव सोडणे असा अर्थ कोणी करू नये. आपल्या पाडव्याचे ताट मुळातच साधे आणि ऋतूला धरून आहे. सकाळी अनशापोटी घ्यावयाचा कडुनिंब कोणत्याही दुकानात विकत घ्यावा लागत नाही. कोवळी पाने व मिळाल्यास मोहोर, भिजविलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, चिंच, ओवा, मिरे, चिमूटभर हिंग आणि मीठ, हे सारे पाट्यावर वा खलात वाटले की वर्षारंभीचा पहिला घास तयार. कडूपासून वर्षाची सुरुवात करून पुढे गोडाकडे जावयाचे, हा क्रम घर थाटणाऱ्यानेही ध्यानात धरण्याजोगा आहे.

श्रीखंडाचा चक्का घरी बांधण्यास आदल्या रात्रीची थोडी आठवण पुरते. चांगल्या म्हशीच्या एक लिटर दुधाचे दही विरजून ते स्वच्छ पंचात सहा ते आठ तास टांगून ठेवले, तर दुधाच्या प्रतीप्रमाणे पाव किलोपेक्षा थोडा अधिक चक्का निघतो. बरोबरीने साखर घालून दोन तास मुरवावा, पुरणयंत्रातून काढावा, वेलची व जायफळ घालावे. चार-पाच माणसांच्या घराला एवढे श्रीखंड सुखाने पुरते. खाली गळलेले पाणी फेकू नये, त्यात पुऱ्यांची कणीक मळावी किंवा कढीत ते घालावे. घरच्या स्वयंपाकात आणि विकतच्या पदार्थात मोठा भेद हाच आहे, की घरी काही वाया जात नाही.

पुढे चैत्रगौर बसली की कैरीची डाळ आणि पन्हे. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटावी, तीत कैरीचा कीस, मीठ व चवीपुरती साखर घालून वरून हिंग, हळद व सुक्या मिरचीची फोडणी द्यावी. पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर काढून त्याच्या दीडपट ते दुप्पट गूळ, वेलची व मिठाची कणी घालून मुरवून ठेवावे आणि आयत्या वेळी थंड पाण्यात कालवावे. माठ, दोन भांडी आणि एक पळी एवढ्या सामग्रीवर पंधरा जणींचे हळदीकुंकू पार पडते. ज्या घरात अजून खुर्च्या आलेल्या नाहीत तेथे सतरंजी अंथरावी. गौरीपुढे जमिनीवर बसलेल्या बायकांत कोण कोणत्या मजल्यावरची, हे कोणी विचारीत नाही.

नव्याने संसार मांडणाऱ्या मुलामुलींना वाटते, की हे सारे आजीच्या हाताचे, आपल्याला कसे साधेल. त्यांनी धीर सोडू नये. १९७० साली प्रसिद्ध झालेले कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक घराघरांत पोचले, याचे एक कारण हेच, की त्यात ‘अंदाजाने’ हा गूढ शब्द बाजूस ठेवून वाटी आणि चमचा यांची मापे दिली होती. आई जवळ नसताना परगावी किंवा परदेशी बिऱ्हाड करणाऱ्या कितीतरी जणींना त्या मापांनी हात दिला. स्वयंपाक हा जन्मजात गुण नव्हे, शिकता येणारी विद्या आहे.

आणि ही विद्या केवळ बायकांनीच शिकावी असा दंडक आता राहिलेला नाही, राहूही नये. दिवसभर नोकरी करून आलेल्या सुनेकडून ‘घरचे ते घरचेच’ म्हणत चारी ठाव स्वयंपाकाची अपेक्षा करणे आणि स्वतः खुर्चीत बसून राहणे, याला साधी राहणी म्हणत नाहीत. ती दुसऱ्याच्या कष्टांवरची चैन होय. चक्का पुरणयंत्रातून फिरविणे, नारळ खवणे, पुऱ्या तळणे, ओटा पुसणे यांत पुरुषांच्या आणि मुलांच्या हातांना कसली आडकाठी आहे? रांधणाऱ्या हातांचे मोल काय असते, हे गिरणगावाने पूर्वीच जाणले होते. गावी बायकामुले ठेवून एकट्याने राहणाऱ्या गिरणी कामगारांना खाणावळ चालवून जेवू घालणाऱ्या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले. सावकाराच्या व्याजातून त्यांना बाहेर काढण्यासाठी बँकेचे दार त्यांना उघडून दिले. घरचे जेवण हा ज्यांचा आधार होता, त्या हातांनाही आधार लागतो, ही त्या मंडळाची शिकवण नव्या घराच्या स्वयंपाकघरात विसरली जाऊ नये.

कुलूपबंद गच्ची

चैत्र-वैशाख म्हणजे वाळवणांचे दिवस. नव्या घरात रुळण्याची खरी परीक्षा आम्हांस येथे दिसते. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवावयाचा, रोज त्याचे पाणी बदलावयाचे, वाटून त्याचा चीक काढावयाचा, तो हिंग-मीठ घालून शिजवावयाचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडावयाचा. उडदाच्या पापडाचे पीठ कुटावयास आणि लाट्या लाटावयास चार जणी तरी हव्यात. सांडगी मिरची, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या, या सर्वांना दोन-तीन दिवसांचे कडक ऊन हवे, राखण करणारे एखादे पोर हवे आणि मुख्य म्हणजे मोकळी जागा हवी. चाळीत ही जागा गॅलरी, अंगण किंवा गच्ची पुरवीत असे. अनेक नव्या इमारतींत मात्र घरे मोठी झाली आणि गच्चीला कुलूप लागले.

गच्ची म्हणजे काय, हे मुंबईने एकदा साऱ्या देशाला दाखवून दिले आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी एकत्र आल्या. ८० रुपये उसने घेऊन त्यांनी पापड लाटले आणि त्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. त्यातूनच पुढे ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ ही हजारो स्त्रियांची संस्था उभी राहिली. त्या सात जणींपाशी भांडवल नव्हते, कारखाना नव्हता. होती ती हातांतली कला, शेजारीण म्हणून एकमेकींची ओळख, आणि डोक्यावर उन्हाला मोकळी असलेली गच्ची. त्या गच्चीला त्या दिवशी कुलूप असते तर काय झाले असते, याचा विचार गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीने अवश्य करावा.

मुलांच्या सुरक्षिततेची काळजी, पाण्याच्या टाक्यांची राखण, आगीच्या वेळी वाट मोकळी राहणे, ही कुलूप लावण्यामागची कारणे खोटी नाहीत. पण त्यांवर उपाय आहेत. चैत्र-वैशाखातील ठरावीक दिवस, सकाळी आठ ते सायंकाळी पाच अशा ठरावीक वेळा, एकेका मजल्याची पाळी, टाक्यांभोवती दोरी, दोन मोठ्या माणसांची हजेरी आणि शेवटी गच्ची झाडून देण्याची जबाबदारी. पाडव्यानंतरच्या पहिल्याच सभेत एवढा ठराव झाला, तर बंद दारांआडची कुटुंबे एका उन्हात एकत्र येतील. ज्या दोघी लिफ्टमध्ये एकमेकींकडे पाहून नुसत्या हसत होत्या, त्या एका चादरीवर कुरडया घालताना माहेरचे गाव सांगू लागतील. ओला चीक चोरून खाण्यासाठी मुले भोवती घुटमळतील. नवी इमारत ‘आपली’ होण्यास याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय आम्हांस तरी ठाऊक नाही.

नकार न देणारे घर

तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्लीत एक सुंदर आख्यान आहे. ब्रह्म म्हणजे काय हे जाणण्यासाठी वरुणपुत्र भृगू तप करतो, आणि त्याला प्रथम उमगते ते हे, की अन्न हेच ब्रह्म. पुढे त्याचा बोध प्राण, मन, विज्ञान या पायऱ्या चढत आनंदापर्यंत जातो. पण शिखर गाठल्यावर उपनिषद पहिली पायरी विसरत नाही. ते पुन्हा अन्नाकडे वळते आणि व्रते सांगते. अन्नाची निंदा करू नये, अन्नाचा अव्हेर करू नये, अन्न वाढवावे, आणि शेवटचे व्रत असे, की आपल्या वसतीस आलेल्या कोणालाही परत पाठवू नये. त्याच्यासाठी हरप्रकारे पुष्कळ अन्न मिळवून ठेवावे, आणि आलेल्याला ‘अन्न सिद्ध आहे’ असे म्हणावे. ऋषींनी घराचे मोठेपण त्याच्या क्षेत्रफळावर मोजले नाही, आलेल्याला तेथे काय ऐकावयास मिळते यावर मोजले.

हे व्रत आजच्या काळी जसेच्या तसे पाळणे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. पण त्याचा अंश पाळता येतो. रोज भात लावताना एक मूठ अधिक घालावी. ओट्याच्या कडेला पाण्याचा एक तांब्या आल्यागेल्यासाठी भरून ठेवावा. सामान वाहून आणणारे हमाल, रंगारी, सुतार, नळकाम करणारा, लिफ्टपाशी बसणारा पहारेकरी, यांच्या कष्टांनी आपले घर उभे राहिले. वास्तुशांतीच्या दिवशी पहिली पंगत त्यांची बसवावी. त्यांना डबा बांधून देऊन वाटेस लावणे आणि त्यांच्या पुढ्यात पान मांडून आग्रहाने वाढणे, यांत फार अंतर आहे. समोरच्या बंद दाराची घंटा वाजवून वाटीभर कैरीची डाळ द्यावी. ती वाटी परत येईल तेव्हा तिच्यात काही ना काही असेलच, आणि समजा काही नसले, तरी दार एकदा उघडलेले असेल.

कोणाला वाटेल, एवढ्याशा गोष्टींनी काय होणार? आमचे म्हणणे एवढेच, की घरात रुळावयाचे ते एवढ्याशाच गोष्टींनी. कर्ज फिटावयास वर्षे लागतात, भिंतीचा रंग चार पावसाळ्यांत उडतो, आज ज्या कपाटाचे कौतुक ते उद्या जुने होते. परंतु ज्या घरात पहिल्या दिवसापासून चूल वेळेवर पेटली, घरच्या सर्वांनी तिच्यापाशी हात लावला, मिळकतीत बसेल तेवढेच मांडले आणि मांडले त्यातले थोडे बाहेर दिले, त्या घरात वाढलेली मुले पुढे कोठेही गेली, तरी तेथे घर करू शकतात. त्यांच्यापाशी घर करण्याची विद्या असते.

या पाडव्याला, किंवा त्यापाठोपाठ येणाऱ्या अक्षय तृतीयेला, जी कुटुंबे नव्या वास्तूत प्रवेश करीत आहेत त्यांनी तेथे आधी धान्य न्यावे, मीठ न्यावे, पाणी न्यावे. देवापुढे दिवा लावून शेगडी पेटवावी आणि वास्तुपुरुषाला त्याचा ठरलेला घास काढून ठेवावा. त्याहून अधिक तो मागणार नाही, आणि मागू लागला तर देवांनी केले तेच करावे, त्याला धरून ठेवावे! मग घरातील थोरामोठ्यांनी मुलाबाळांसह पानावर बसून एकच वाक्य उच्चारावे, की या घरातून कोणी उपाशी जाऊ नये.

पायाशी निजलेला तो देव ‘तथास्तु’ म्हणावयास उत्सुकच असतो.